कायदा मिळाला, जमीन राहिली

१८२१ साली पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे चॅरिटी बटलर या कृष्णवर्णीय स्त्रीचा दावा आला. ती शेजारच्या मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मली होती. पेनसिल्व्हेनियाने १७८० सालीच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला होता. बाहेरून आणलेला गुलाम या राज्यात सहा महिने राहिला तर तो मोकळा, असे एक कलम त्यात होते. चॅरिटी ज्या घरी कामाला होती त्या घरची बाई तिला वरचेवर पेनसिल्व्हेनियात घेऊन येई. त्या सगळ्या मुक्कामांची बेरीज केली तर सहा महिने भरतात, म्हणून मी आणि माझी मुले मोकळी आहोत, असे तिचे म्हणणे होते. मालकाच्या तरुण वकिलाने कलमाचा काटेकोर अर्थ लावला. सहा महिने म्हणजे सलग सहा महिने. तुकड्यातुकड्यांची बेरीज चालणार नाही. न्यायालयाला ते पटले आणि चॅरिटी मुलांसह पुन्हा गुलाम ठरली.

त्या वकिलाचे नाव थॅडियस स्टीव्हन्स. पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गुलामगिरीचा त्याच्याएवढा कडवा शत्रू क्वचितच कोणी झाला असेल. त्यामुळे त्याचे चरित्र सांगताना हा दावा एका ओळीत उरकण्याचा मोह होतो. मला मात्र तो अगदी सुरुवातीला ठेवावासा वाटतो. कायद्यातल्या एका शब्दाच्या अर्थावर माणूस मोकळा होतो किंवा जन्मभराच्या जोखडात जातो, हे स्टीव्हन्सने पुस्तकात वाचले नव्हते, स्वतःच्या हाताने करून पाहिले होते. नंतरच्या सत्तेचाळीस वर्षांत त्याने असंख्य कायदे लिहिले, लढवले, पारित करून घेतले, पण नुसत्या शब्दावर कधी भिस्त ठेवली नाही. त्या शब्दामागे शाळा आहे का, मत आहे का, जमीन आहे का, हे तो विचारत राहिला.

दावा जिंकल्यावर दोनच वर्षांनी, १८२३ च्या स्वातंत्र्यदिनी, गेटिसबर्गच्या जाहीर मेजवानीत त्याने इच्छा बोलून दाखवली की, पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असावा ज्याने कोणा माणसाच्या पायात बेडी ठोकलेली नाही. मधल्या दोन वर्षांत त्याच्या मनात काय चालले होते ते त्याने लिहून ठेवलेले नाही. मात्र यानंतर तो पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने उभा राहिलेला दिसतो, तोही बऱ्याचदा फी न घेता.

स्टीव्हन्सचा जन्म ४ एप्रिल १७९२ चा, उत्तरेकडच्या व्हरमाँट राज्यातल्या डॅनव्हिल गावचा. एक पाऊल जन्मतःच आत वळलेले. थोरल्या भावाची तर दोन्ही पावले तशीच होती. त्या काळी अशा व्यंगाला लोक देवाची शिक्षा समजत, आणि शाळेतली मुले त्याच्या चालण्याची नक्कल करत. बाप जोडे शिवायचा, थोडी शेती करायचा. पुढे तो बायकोला आणि चार मुलांना सोडून निघून गेला. सॅली स्टीव्हन्सने घर एकटीने ओढले. थॅडियसच्या पायांत शेतीचे बळ नाही, तेव्हा याला शिकवायचेच, असे तिने ठरवले आणि चांगली शाळा आहे म्हणून बिऱ्हाड पीचम गावी हलवले. १८१४ मध्ये तो डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाला. हाती पैसा आल्यावर त्याने आईला अडीचशे एकरांचे शेत आणि चौदा गाई घेऊन दिल्या, शिवाय चर्चच्या दानपेटीत टाकायला अधूनमधून सोन्याचे नाणे. तिच्या थडग्याच्या चार कोपऱ्यांवर दर वसंतात गुलाब लावावेत म्हणून मृत्युपत्रात त्याने वेगळे ५०० डॉलर ठेवले. त्याच्या जहरी जिभेला विरोधक टरकून असत, पण आईबद्दल बोलताना हा माणूस पार वेगळा होई.

वकिलीची सनद घेऊन १८१६ मध्ये तो गेटिसबर्गला आला. सुरुवातीला अशील फिरकत नसत. मग एका खुनाच्या खटल्यात आरोपी वेडाच्या भरात होता असा बचाव त्याने मांडला. आरोपी फासावर गेला, पण वकिलाचे नाव झाले. काही वर्षांत गावातल्या घरांचा आणि आसपासच्या जमिनींचा तो मोठा मालक बनला, लोखंडाच्या भट्ट्यांत भागीदार झाला आणि १८३३ मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेला.

तिथल्या एका लढाईबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १८३४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने मोफत शाळांचा कायदा केला. शाळांसाठी कर बसणार म्हटल्यावर ओरड झाली. ज्यांना मूल नाही त्यांनी कर का भरावा? ज्यांच्या चर्चच्या शाळा आहेत त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांचा खर्च का उचलावा? कायदा रद्द करा म्हणून अर्जांचा ढीग पडला, कित्येक आमदार याच मुद्द्यावर निवडून आले आणि राज्याच्या सिनेटने तो रद्द करायचे ठरवूनही टाकले. ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स खालच्या सभागृहात बोलायला उभा राहिला. प्रामाणिक शेतकरी कधी चोरी करत नाही, तरी न्यायालय आणि तुरुंग चालवायला कर भरतोच ना, असा त्याचा सवाल होता. तुरुंगासाठी भरतो तर शाळेसाठी का नाही? गरिबाच्या मुलांना ‘गरीब’ अशी वेगळी नोंद करून शिकवण्याची जुनी पद्धत त्याने झोडपली, कारण तो शिक्का घेऊन मूल शाळेत येणार नाही आणि आले तरी मान वर करणार नाही. स्वतः त्याला मूलबाळ नव्हते, त्याने लग्नच केले नाही. सभागृह फिरले, पाठोपाठ सिनेटही फिरले आणि कायदा वाचला. आयुष्यातले सर्वांत मोठे काम कोणते असे विचारल्यावर तो म्हातारपणीही याच भाषणाकडे बोट दाखवी.

पुढे १८३७-३८ मध्ये राज्याची घटना नव्याने लिहायला परिषद बसली. स्टीव्हन्स तिचा सदस्य होता. नव्या मसुद्यात मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द घुसवण्यात आला आणि पेनसिल्व्हेनियातल्या मोकळ्या कृष्णवर्णीयांचा मताधिकार गेला. स्टीव्हन्सने त्या घटनेवर सही करायला नकार दिला.

१८४२ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली तो लँकेस्टरला आला, कारण तिथे वकिलीला अधिक वाव होता. थोड्याच वर्षांत लिडिया हॅमिल्टन स्मिथ ही मिश्रवर्णी स्त्री आपल्या दोन मुलग्यांसह त्याचे घर सांभाळायला आली आणि त्याच्या मृत्यूपर्यंत, वीस वर्षांहून जास्त काळ, तिथेच राहिली. घरातल्या कृष्णवर्णीय बाईला नुसत्या नावाने हाक मारायची, हा तेव्हाचा रिवाज. स्टीव्हन्स तिला ‘मिसेस स्मिथ’ म्हणे आणि घरी येणाऱ्यांनाही तसेच म्हणायला लावी. दोघांच्या नात्यावरून गावात आणि वर्तमानपत्रांत वाटेल ते छापून येई, पण त्या बोलण्याला दोघांनीही किंमत दिली नाही. लिडिया नुसती घर सांभाळणारी नव्हती. तिने स्वतःच्या नावावर घरे घेतली, व्यवहार केले. १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई झाली तेव्हा ती गाडी भाड्याने घेऊन गावोगाव अन्न आणि कपडे गोळा करत रणांगणावर गेली आणि दोन्ही बाजूंच्या जखमींना ते वाटले.

लँकेस्टर मेरीलँडच्या सरहद्दीपासून फार दूर नाही. पळून येणाऱ्या गुलामांची वाट याच भागातून जाई. १८५० च्या कायद्याने अशा माणसाला पकडून देण्यात मदत करणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक झाले. ११ सप्टेंबर १८५१ च्या पहाटे मेरीलँडचा जमीनदार एडवर्ड गॉर्सच आपले पळालेले गुलाम परत न्यायला सरकारी मार्शलसह ख्रिस्तियाना गावाजवळ आला. ते ज्याच्या घरात होते तो विल्यम पार्कर स्वतः गुलामगिरीतून निसटलेला. पार्करच्या बायकोने वरच्या मजल्यावरून शिंग फुंकले आणि आसपासचे कृष्णवर्णीय मिळेल ते हत्यार घेऊन धावून आले. चकमकीत गॉर्सच ठार झाला. पार्कर कॅनडात निसटला. सरकारने ३८ जणांवर खुनाचा नव्हे, थेट देशद्रोहाचा आरोप ठेवला. सर्वांत आधी खटला उभा केला तो कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर. घोड्यावर बसून तो तिथे आला होता आणि मार्शलला मदत करायला त्याने नकार दिला होता, इतकाच त्याचा गुन्हा.

खटला चालला फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलमध्ये, म्हणजे ज्या इमारतीत ‘सर्व माणसे समान’ हा जाहीरनामा १७७६ मध्ये मंजूर झाला त्याच इमारतीत. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता. तोपर्यंत तो प्रतिनिधिगृहात निवडून गेलेला होता. कायद्याविरुद्ध भाषणे करणारा माणूस न्यायालयात पुढे दिसला तर ज्यूरीची मने बिघडतील, म्हणून मुख्य युक्तिवाद दुसऱ्यांकडे सोपवला गेला. गुलाम पकडून देणे नाकारले म्हणजे देशाविरुद्ध युद्ध पुकारले असे होत नाही, हे न्यायाधीशांनाही मान्य करावे लागले. ज्यूरी जेमतेम पंधरा मिनिटांत ‘निर्दोष’ म्हणून परतली आणि बाकीच्यांवरचे आरोपही गळून पडले. या भूमिकेची किंमत स्टीव्हन्सला चुकवावी लागली. पुढच्या निवडणुकीत त्याच्याच पक्षाने त्याला उमेदवारी दिली नाही.

तो परतला १८५९ मध्ये, नव्या रिपब्लिकन पक्षाकडून, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. डोक्यावर टोप, पाय ओढत चालणे, आणि दोन वाक्यांत समोरच्याचा निकाल लावणारे बोलणे. यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा सरकारच्या उत्पन्नाची समिती त्याच्याकडे होती. लिंकनचे सैन्य ज्या पैशावर लढले, तो प्राप्तिकर आणि त्या हिरव्या कागदी नोटा याच समितीतून गेल्या. १८६३ च्या जूनमध्ये गेटिसबर्गकडे चाललेल्या दक्षिणी फौजेतल्या जनरल अर्लीने वाट वाकडी करून स्टीव्हन्सचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळला. बातमी कळल्यावर त्याने लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या नुकसानीपेक्षा उघड्यावर पडलेल्या कामगारांच्या कुटुंबांची काळजी अधिक आहे. तीन महिन्यांनी चिकमॉगाच्या लढाईत त्याचा पुतण्या अ‍ॅलनसन मारला गेला.

स्टीव्हन्स सुरुवातीपासून सांगत होता की हे युद्ध गुलामगिरी संपवल्याशिवाय संपणार नाही. लिंकन सावकाश, जनमत बरोबर घेऊन जाणारा. स्टीव्हन्स त्याच्या पुढे चार पावले आणि कायम चिडलेला. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी पारित झाली. त्याआधीच्या चर्चेत विरोधक त्याला डिवचत होते: काळे आणि गोरे सर्व बाबतींत समान आहेत असे म्हण ना! तसे म्हटले असते तर काठावरची मते गेली असती. आपण फक्त कायद्यापुढची समानता मागतो आहोत, असे म्हणून त्याने वेळ मारून नेली. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘लिंकन’ चित्रपटात टॉमी ली जोन्सने हा प्रसंग उभा केला आहे. ज्याने आयुष्यभर जिभेला लगाम घातला नाही, त्याने त्या दिवशी तो घातला. मला तो प्रसंग त्याच्या कुठल्याही गाजलेल्या भाषणापेक्षा मोठा वाटतो.

एप्रिलमध्ये युद्ध संपले, लिंकनचा खून झाला आणि टेनेसीचा अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. तोही गरिबीतून वर आलेला. शाळेचे तोंड न पाहिलेला शिंपी. बड्या जमीनदारांवर त्याचा राग होता, म्हणून स्टीव्हन्ससारख्यांना आधी आशा वाटली. ती काही आठवड्यांतच मावळली. २९ मे १८६५ रोजी जॉन्सनने बंडखोरांना माफी जाहीर केली आणि गुलाम सोडून त्यांची सगळी मालमत्ता परत केली. जे बडे होते त्यांनी फक्त अर्ज करायचा. अर्ज आले आणि मंजूर होत गेले.

खरी लढाई इथे, जमिनीवर होती. त्याच वर्षी जानेवारीत उत्तरेच्या फौजेतल्या जनरल शर्मनने साउथ कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची, मालक सोडून पळालेली जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला होता. सुमारे ४० हजार माणसे त्या जमिनीवर वसली. त्यांनी नांगरट केली, मका-रताळी लावली, शाळा-चर्चे उभारली. जॉन्सनच्या माफीने तीच जमीन पुन्हा जुन्या मालकांची झाली. ऑक्टोबरमध्ये मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड याला त्याच किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावर जाऊन हे सांगावे लागले. चर्च माणसांनी भरलेले होते. तो बोलू लागला तशी वरच्या सज्जातून आवाज आला: आमच्या जमिनी का घेता? हॉवर्डपाशी उत्तर नव्हते. नंतर तिथल्या लोकांच्या समितीने राष्ट्राध्यक्षाला अर्ज केला. ज्यांनी आम्हाला झाडाला बांधून फटके मारले त्यांना माफ करायला आम्ही तयार आहोत, पण आमची जमीन काढून घेऊन त्यांच्याच दारात आम्हाला मजूर म्हणून उभे करू नका, असा त्याचा आशय होता.

स्टीव्हन्सने ६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टरच्या भाषणात याचा हिशेबच मांडला होता. बंडखोर राज्यांतले दोनशे एकरांहून अधिक जमिनीचे मालक फार तर ७० हजार. त्यांच्याकडे आणि त्या राज्यांकडे मिळून ३९ कोटी ४० लाख एकर जमीन आहे. ती सरकारजमा करा. मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषांची संख्या साधारण १० लाख. प्रत्येकाला ४० एकर म्हणजे ४ कोटी एकर. उरलेली विकून युद्धाचे कर्ज फेडा, जखमी सैनिकांची पेन्शन वाढवा. बाकीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गोऱ्यांच्या जमिनीला हातही लागणार नाही. मूठभरांच्या हातात हजारो एकर आणि बाकीचे त्यांच्या दारी मजूर, अशा समाजात मोफत शाळा, स्वतंत्र चर्च, खुली चर्चा टिकणार कशी, असे तो विचारत होता. सगळ्या दक्षिणेची घडी मोडून नव्याने बसवल्याखेरीज तिथे लोकशाही येणार नाही, अशी त्याची खात्री होती.

ही योजना त्याने मार्च १८६७ मध्ये विधेयक म्हणून प्रतिनिधिगृहात मांडली. ती कधीही मंजूर होण्याच्या जवळ आली नाही. तिला पाडले ते फक्त दक्षिणेने नव्हे. उत्तरेतल्या त्याच्याच पक्षाचे लोक मालमत्तेला हात लावायला कचरत होते. आज जॉर्जियातल्या मळ्याला हात लावला तर उद्या मॅसॅच्युसेट्सच्या गिरणीत मजूर काय मागतील, ही धास्ती उत्तरेच्या वर्तमानपत्रांनी उघड लिहिली. शिवाय गिरण्यांना कापूस हवा होता. स्वतःच्या चाळीस एकरांत शेतकरी आधी घरापुरते धान्य पिकवील, कापूस मागाहून, हे सगळ्यांना ठाऊक होते.

जमीन मिळत नव्हती, तेव्हा जे मिळते ते त्याने मिळवायचे ठरवले. ४ डिसेंबर १८६५ ला नवे प्रतिनिधिगृह भरले. जॉन्सनच्या आशीर्वादाने निवडून आलेले दक्षिणेतले सदस्य, त्यांत बंडखोर राजवटीचे जुने अधिकारी आणि सेनानी, जागा घ्यायला आले होते. हजेरी घेणारा कारकून एडवर्ड मॅकफर्सन हा स्टीव्हन्सच्या तालमीतला, गेटिसबर्गचा. ठरल्याप्रमाणे त्याने त्यांची नावे पुकारलीच नाहीत. मग स्टीव्हन्सने दोन्ही सभागृहांची पंधरा जणांची समिती नेमून घेतली. तिच्यातून चौदावी घटनादुरुस्ती निघाली.

तिचे पहिले कलम, म्हणजे इथे जन्मलेला प्रत्येक जण नागरिक आणि कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू शकणार नाही, हे मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅमचे. स्टीव्हन्सला त्यात मताधिकार हवा होता. एका मसुद्यात १८७६ पासून मताच्या बाबतीत वर्णभेद बंद, असे कलम होतेही. निवडणूक तोंडावर आहे, आमच्या राज्यांतले गोरे मतदार बिथरतील, असे उत्तरेतल्याच मंडळींनी सांगितले आणि ते वगळले गेले. १३ जून १८६६ रोजी अंतिम मसुद्यावर तो बोलला. आयुष्यभर एक स्वप्न पाहिले, असे त्याने सांगितले: कधीतरी जुन्या व्यवस्थेचा पाया हलेल आणि या देशाच्या संस्था आपण अशा उभारू की त्यांत माणसाने माणसाला दडपण्याचा मागमूस उरणार नाही. ते स्वप्न विरले आहे. आता पडक्या इमारतीला ठिगळे लावण्यावर समाधान मानावे लागते आहे. मग हे का स्वीकारतोस? तर मी देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो म्हणून. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने हे बोलून त्या ठिगळाच्या बाजूने मत दिले. १२० विरुद्ध ३२ मतांनी ते पारित झाले.

मार्च १८६७ मध्ये जॉन्सनचा नकाराधिकार ओलांडून दक्षिणेतली दहा राज्ये लष्करी देखरेखीखाली आली आणि तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळाले. त्या मतांवर आलेल्या सरकारांनी दक्षिणेत पहिल्यांदा राज्यभर सरकारी शाळा उघडल्या. १८३५ च्या भाषणाचे धागे इथवर पोहोचले. जॉन्सनवरच्या महाभियोगाची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात गाजावाजा फार आणि हाती लागले कमी. युद्धमंत्री स्टँटनला काढण्यावरून २४ फेब्रुवारी १८६८ ला प्रतिनिधिगृहाने राष्ट्राध्यक्षावर महाभियोग लावला. अमेरिकेत असे पहिल्यांदाच घडले. स्टीव्हन्स इतका खंगला होता की त्याला खुर्चीत बसवून दोघे जण उचलून सिनेटमध्ये नेत. १६ मे रोजी ३५ विरुद्ध १९ असे मतदान झाले. दोन तृतीयांशाला एक मत कमी पडले आणि जॉन्सन वाचला.

जुलैमध्ये पुरेशा राज्यांची संमती मिळून चौदावी दुरुस्ती घटनेचा भाग बनली. ११ ऑगस्टच्या मध्यरात्री वॉशिंग्टनच्या घरी स्टीव्हन्स गेला. उशाशी दुसरा एक पुतण्या, लिडिया स्मिथ आणि दोन कृष्णवर्णीय धर्मभगिनी होत्या. कॅपिटॉलच्या घुमटाखाली त्याचे शव ठेवले तेव्हा पहारा कृष्णवर्णीय सैनिकांचा होता. लँकेस्टरला अंत्यविधीला सुमारे २० हजार लोक जमले. त्यांत निम्मे कृष्णवर्णीय. गावातल्या मोठ्या दफनभूमीत त्याने पूर्वी जागा घेतल्या होत्या, पण तिथे फक्त गोऱ्यांना पुरतात हे कळल्यावर त्या सोडून दिल्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या एका छोट्या दफनभूमीत जागा घेतली. एकांताची आवड म्हणून नव्हे, तर जन्मभर जे तत्त्व सांगितले ते मरणातही दिसावे म्हणून इथे निजलो आहे, असे त्याने स्वतःच दगडावर लिहवून घेतले. मृत्युपत्रात अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी पैसा ठेवला, त्याला अट घातली: वर्णाचा किंवा आईबापांच्या धर्माचा विचार न करता मुले घ्यावीत, एकाच वर्गात शिकवावीत, एकाच टेबलावर जेवू घालावीत. पंक्तिभेद नाही. १९०५ मध्ये त्यातून लँकेस्टरला तंत्रशिक्षणाची शाळा उभी राहिली. ती आज कॉलेज म्हणून त्याच्याच नावाने चालते.

त्याच १८६८ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाच वर्षांनी, १ जून १८७३ रोजी, त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. ती अर्पणपत्रिका ज्यांना शोभते त्यांत स्टीव्हन्स अगदी पुढे बसतो. पण तेव्हा अमेरिकेत काय चालले होते? त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानात कोलफॅक्स इथे गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली, शरण आलेल्यांनाही सोडले नाही. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कत्तलखान्यांच्या एका खटल्यात चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ असा आकसून लावला की तिचा बराच जीव गेला. शब्द तेच होते, अर्थ दुसरा. चॅरिटी बटलरच्या दाव्यात हेच झाले होते. १८७७ मध्ये दक्षिणेतली उरलीसुरली लष्करी देखरेख उठली. १८९६ मध्ये त्याच दुरुस्तीखाली गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरले आणि वेगळ्या शाळांनाही आधार मिळाला.

इतिहासकारांनीही स्टीव्हन्सला सोडले नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्याच्या शिष्यांनी हा सगळा काळ म्हणजे सूडाचा आणि अनागोंदीचा काळ असे चित्र रंगवले. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ चित्रपटाने टोप घातलेला, लंगडा, घरातल्या मिश्रवर्णी बाईच्या मुठीतला खलनायक उभा केला. नाव बदलले होते, माणूस सगळ्यांनी ओळखला. त्याच काळात त्याच विद्यापीठात भीमराव आंबेडकर शिकत होते. डनिंगच्या चित्राचा प्रभाव त्यांच्यावर पडलेला दिसत नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला आहे, आणि त्याच मसुद्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता कसायला द्यावी, अशीही मागणी आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मधले ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द चौदाव्या दुरुस्तीतूनच आले आहेत. अमेरिकेतही १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद याच शब्दांच्या बळावर घटनाबाह्य ठरला.

जमिनीला असा दुसरा जन्म मिळाला नाही. मुक्त झालेली माणसे जुन्या मालकांच्या शेतात वाट्याने कसू लागली. बी-बियाणे, खत, धान्य मालकाच्या दुकानातून उधारीवर. हंगामाला कापूस त्याच्याच काट्यावर. हिशेब त्याच्याच वहीत. वर्षाअखेर कर्ज उरलेलेच असे आणि कर्ज आहे तोवर शेत सोडता येत नसे. जवळजवळ तीन पिढ्या असेच चालले. १९८९ मध्ये मिशिगनचे प्रतिनिधी जॉन कॉन्यर्स यांनी गुलामगिरीची भरपाई कशी करावी याचा अभ्यास करायला आयोग नेमण्याचे विधेयक आणले, आणि पुढे प्रतिनिधिगृहाच्या प्रत्येक नव्या कार्यकाळात ते पुन्हा पुन्हा मांडत राहिले. मागाहून त्याला ४० हा क्रमांक देण्यात आला, तो त्या चाळीस एकरांवरून. एप्रिल २०२१ मध्ये ते पहिल्यांदा समितीतून बाहेर पडले. प्रतिनिधिगृहात त्यावर मतदान मात्र झाले नाही.